मुलांच्या वजनाचा प्रश्न सभागृहात घ्या

शहराचा कारभार पाहणारे लोकप्रतिनिधी, शिक्षण व आरोग्य विभागांचे अधिकारी आणि शाळांचे विश्वस्त यांस,

सप्रेम नमस्कार.

मुलांमधल्या लठ्ठपणाचा विषय निघाला की कुठल्याही शहरात साधारण एकाच क्रमानं गोष्टी घडतात. एखादा अहवाल येतो, त्यातला आकडा मथळ्यात छापला जातो, आठवडाभर चर्चा होते. मग शाळांना परिपत्रक जातं, आहारतज्ज्ञांचं व्याख्यान ठरतं, भिंतीवर फळांची चित्रं लागतात, आणि मुलांना ओळीनं वजनकाट्यावर उभं करून पालकांसाठी एक चिठ्ठी दप्तरात घातली जाते. चिठ्ठीत लिहिलेलं असतं, मुलाच्या खाण्याकडे लक्ष द्या. विषय तिथं मिटतो. सगळी जबाबदारी एका घरात, बहुतेक वेळा एका आईच्या पदरात टाकून आपण मोकळे होतो.

मी शिक्षिका आहे. मला तुमच्याकडे एकच मागणं मागायचं आहे: हा विषय घरातून काढून तुमच्या सभागृहात घ्या. मूल दिवसभर जिथं वावरतं त्या जागा, ते रस्ते, ते नळ, ती मैदानं, त्या जाहिराती तुमच्या अखत्यारीत आहेत. त्या सुधारल्याशिवाय दप्तरातल्या चिठ्ठ्यांचा उपयोग नाही.

मुलं बदलली आहेत असं मला वाटत नाही. त्यांची भूक, गोडाची आवड, पळापळीची हौस पूर्वीसारखीच आहे. तरीही जागतिक आरोग्य संघटनेची आकडेवारी सांगते की 1990 मध्ये 5 ते 19 वयोगटातली सुमारे 8 टक्के मुलं जादा वजनाची होती आणि 2022 मध्ये ते प्रमाण 20 टक्क्यांवर गेलं. त्यातली लठ्ठ म्हणता येतील अशी मुलं 2 टक्क्यांवरून 8 टक्क्यांवर गेली, म्हणजे जगभरात सुमारे 16 कोटी. 2025 मध्ये युनिसेफनं जाहीर केलं की शालेय वयाच्या मुलांमध्ये लठ्ठपणाचं प्रमाण आता कमी वजनाच्या प्रमाणाहून जास्त झालं आहे, आणि हे पहिल्यांदाच घडतं आहे. अवघ्या तीस-पस्तीस वर्षांत माणसाची जनुकं बदलत नाहीत. जगातल्या सगळ्या आया याच काळात एकदम निष्काळजी झाल्या, असंही कोणी म्हणणार नाही.

भोवतालाचा जोर किती असतो हे दाखवणारा एक पुरावा मला फार महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्यावर थोडं थांबते. इंग्लंडमध्ये दरवर्षी प्राथमिक शाळेत नव्यानं आलेल्या 4-5 वर्षांच्या आणि प्राथमिक शाळा संपवत आलेल्या 10-11 वर्षांच्या मुलांची उंची आणि वजन मोजलं जातं. 2019-20 या शालेय वर्षात लहान गटातली 9.9 टक्के मुलं लठ्ठ होती. महासाथीचं वर्ष मध्ये आलं आणि 2020-21 मध्ये हा आकडा 14.4 टक्के झाला. मोठ्या गटात तो 21 वरून 25.5 टक्क्यांवर गेला. बारा महिन्यांत एवढी झेप या मोजणीनं त्याआधी पाहिली नव्हती. पुढच्या वर्षी शाळा आणि मैदानं नीट सुरू झाल्यावर लहान गटाचा आकडा 10.1 टक्क्यांवर उतरला. मोठ्या गटाचा 23.4 वर आला, पण पूर्वीच्या जागी पोचला नाही.

आता सांगा, त्या एका वर्षात लाखो मुलांचा मनोनिग्रह सुटला आणि दुसऱ्या वर्षी परत आला का? मुलं तशीच, पालक तसेच, स्वयंपाकघरं तशीच. गेली होती ती शाळेत जायची वाट, मधली सुट्टी, ठरलेल्या वेळचं जेवण, वेळेवर झोपायची गरज, सोबत्यांबरोबरची धावपळ. आणि ज्यांच्या अंगणात किंवा घराजवळ मोकळी जागा होती त्यांना थोडं कमी, ज्यांना ती नव्हती त्यांना जास्त सोसावं लागलं.

हेच सौम्य रूपात दर वर्षी घडतं, पण आपल्या लक्षात येत नाही. अमेरिकेत बालवाडीपासून दुसरीपर्यंतच्या 18 हजारांहून अधिक मुलांचा माग ठेवला गेला आणि त्याचे निष्कर्ष 2016 मध्ये प्रसिद्ध झाले. त्या काळात या मुलांमधलं लठ्ठपणाचं प्रमाण 8.9 टक्क्यांवरून 11.5 टक्क्यांवर गेलं, आणि ही सगळी वाढ मोठ्या सुट्ट्यांमध्ये झालेली आढळली. शाळेच्या महिन्यांत प्रमाण वाढलंच नाही. आपण शाळेच्या जेवणावर आणि शाळेतल्या खाऊवर बोट ठेवत राहतो, आणि वजन मात्र शाळा बंद असताना वाढतं. कारण सुट्टीत दिवसाला आकार उरत नाही. उशिरा झोप, उशिरा उठणं, हाताशी सतत काहीतरी खायला, डोळ्यांसमोर स्क्रीन. आईवडील दोघंही कामावर असतील तर दुसरं होणार तरी काय?

म्हणून माझी पहिली मागणी सुट्टीची आहे. ती यादीत सहसा शेवटी येते किंवा येतच नाही, म्हणून मी ती आधी ठेवते. सुट्टीत शाळांची मैदानं कुलूपबंद ठेवू नका. सार्वजनिक पैशानं बांधलेली मैदानं, पटांगणं, सभागृहं, वाचनालयं मुलांसाठी उघडी ठेवा, तिथं देखरेखीला माणूस नेमा, त्याला रीतसर मोबदला द्या. शिबिरं घ्यायची तर फी भरू शकणाऱ्यांपुरती ठेवू नका. ज्या वस्त्यांत घरं लहान आणि रस्ते धोक्याचे, तिथून सुरुवात करा. दिवसातले तीन-चार तास मुलाला ठरलेल्या वेळी जायला एक जागा, खेळायला सवंगडी आणि एक वेळचं नीट जेवण मिळालं, तरी सुट्टीचा बराच भार हलका होईल. यात पौष्टिक आहारावरचं भाषण एकदाही करावं लागत नाही.

दुसरी मागणी पाण्याची. जर्मनीत डॉर्टमुंड आणि एसेन या दोन शहरांतल्या गरीब वस्त्यांमधल्या 32 प्राथमिक शाळा घेऊन एक प्रयोग झाला, तो 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. साधारण निम्म्या शाळांत पिण्याच्या थंड पाण्याचे नळ बसवले, मुलांना पाण्याच्या बाटल्या दिल्या आणि पाण्यावर चार छोटे तास घेतले. एवढंच. ना आहाराची बंधनं, ना व्यायामाची सक्ती, ना कोणाचं वजन वर्गात जाहीर करणं. शालेय वर्षाच्या शेवटी त्या शाळांतली मुलं दिवसाला सरासरी एक ग्लास पाणी जास्त पीत होती, आणि जादा वजनाच्या गटात जाण्याची जोखीम इतर शाळांच्या तुलनेत 31 टक्क्यांनी कमी होती. न्यूयॉर्क शहराच्या सरकारी शाळांतही जेवणाच्या खोलीत पाण्याची यंत्रं बसवल्यावर मुलांच्या वजनात छोटी पण मोजता येण्याजोगी घट दिसली. तिथं शाळांची संख्या हजाराच्या वर होती, म्हणून छोट्या घटीलाही वजन आहे.

पाण्याचं एवढं महत्त्व का, ते एका साध्या हिशेबानं कळतं. साध्या कोला पेयाच्या 330 मिलिलिटरच्या एका डब्यात सुमारे 35 ग्रॅम साखर असते, जवळपास 9 चमचे. वरून घातलेली साखर रोजच्या ऊर्जेच्या 10 टक्क्यांपेक्षा कमी असावी, आणि 5 टक्क्यांच्या खाली आली तर आणखी बरं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. दिवसाला 1500 किलोकॅलरी लागणाऱ्या लहान मुलासाठी 10 टक्के म्हणजे 37 ग्रॅम. एका डब्यात दिवसाचा जवळजवळ सगळा वाटा संपला, आणि पोट मात्र भरलं नाही, कारण पातळ पदार्थातून आलेल्या ऊर्जेची नोंद शरीर घन अन्नाइतकी नीट घेत नाही. तहानलेल्या मुलाला शाळेतला नळ कोरडा, घाण किंवा स्वच्छतागृहाला लागून असेल तर ते दुकानातली बाटली उचलणारच. त्याला दोष देण्याआधी नळ बघा. नळ बसवणं हे तर कोणत्याही पालिकेचं सर्वांत जुनं काम.

मला माहीत आहे, इथं कोणी म्हणेल की शाळांनाच सांगू, त्या बघून घेतील. एकट्या शाळेवर टाकून हे होत नाही, याचाही पुरावा आहे. इंग्लंडच्या वेस्ट मिडलंड्स भागात 54 प्राथमिक शाळांमध्ये वर्षभराचा कार्यक्रम राबवला गेला. रोजच्या हालचालीत भर, पालकांसोबत स्वयंपाकाचे वर्ग, व्यावसायिक फुटबॉल क्लबच्या मदतीनं सत्रं, सगळं नीट आखलेलं. 2018 मध्ये निष्कर्ष आले तेव्हा मुलांच्या वजनात म्हणण्यासारखा फरक नव्हता. संशोधकांनी प्रामाणिकपणे लिहिलं की शाळेच्या चार भिंतींत केलेले प्रयत्न एकटे पुरे पडण्याची शक्यता कमी आहे. शिक्षिका म्हणून मला हे वाचताना वाईट वाटलं, आणि हायसंही वाटलं. आम्ही कमी पडलो असा त्याचा अर्थ नव्हता. मूल शाळेच्या फाटकाबाहेर पडतं तेव्हा त्याच्यापुढे जे वाढून ठेवलेलं असतं, त्यापुढे आमचे तास तोकडे पडतात.

जिथं फाटकाबाहेरचंही बदललं, तिथं काय झालं ते पाहा. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातल्या कोलॅक या छोट्या गावात 2003 ते 2006 या काळात शाळा, बालवाड्या, आरोग्य केंद्र, स्थानिक प्रशासन, खाद्यपदार्थ विकणारे आणि क्लब यांनी एकत्र काम केलं. काय करायचं ते गावानं ठरवलं, बाहेरच्या तज्ज्ञांनी प्रशिक्षण आणि मोजमापाची बाजू सांभाळली. तीन वर्षांनी तुलनेच्या भागातल्या मुलांपेक्षा कोलॅकच्या मुलांचं वजन सरासरी सुमारे 1 किलोनं आणि कमरेचा घेर सुमारे 3 सेंटिमीटरनं कमी वाढला होता. त्याहून मला मोलाच्या वाटतात त्या दुसऱ्या दोन गोष्टी. कमी वजनाच्या मुलांचं प्रमाण वाढलं नाही, आणि वजन कमी करण्याच्या धडपडीला लागलेल्या मुलांची संख्याही वाढली नाही. कोणालाही भीती न घालता हे झालं.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या सॉमरव्हिल शहरातही टफ्ट्स विद्यापीठाच्या क्रिस्टीना इकोनोमोस यांच्या पुढाकारानं पहिली ते तिसरीच्या मुलांसाठी असंच काम झालं. शाळेच्या जेवणात बदल होते, पण त्याबरोबर रस्ता ओलांडण्याच्या जागा नव्यानं रंगवल्या, चौकांत मुलांना रस्ता ओलांडून देणारी माणसं होती, उपाहारगृहं सामील झाली, पालकांसाठी पत्रकं निघाली, दवाखान्यांतल्या डॉक्टरांना प्रशिक्षण दिलं. पहिल्याच वर्षात मुलांच्या वजनवाढीचा वेग शेजारच्या तुलनेच्या शहरांपेक्षा थोडा मंदावला. थोडाच. पण या विषयात थोड्याला किंमत आहे. मुलाचं वजन वाढतं ते रोजच्या लहानशा जादा ऊर्जेनं, वर्षानुवर्षं साठत. ते आवरायचं तर रोजचा लहानसा फरक वर्षानुवर्षं टिकवावा लागतो, आणि एकदा वाढलेलं वजन उतरवणं शरीर सहजी होऊ देत नाही, हे ज्यांनी प्रयत्न केला आहे त्यांना सांगायला नको.

फ्रान्समधल्या फ्लरबे आणि लव्हांती या दोन लहान गावांची गोष्ट काळाच्या दृष्टीनं बोलकी आहे. 1992 मध्ये तिथं शाळांमधून आहाराचं शिक्षण सुरू झालं. पहिली काही वर्षं मुलांमधलं जादा वजन वाढतच राहिलं. एखाद्या प्रशासनानं तिथंच योजना गुंडाळली असती आणि कोणी नाव ठेवलं नसतं. पण काम चालू राहिलं, हळूहळू शाळेबाहेर पसरलं, गावातले डॉक्टर, दुकानदार, क्रीडामंडळं त्यात आली. 2004 मध्ये तिथल्या 8.8 टक्के मुलांचं वजन जादा होतं, तर शेजारच्या तुलनेच्या गावांत 17.8 टक्के मुलांचं. तुलनेच्या गावांची सुरुवातीपासूनची मोजमापं नव्हती, त्यामुळे हा आकडा जपून वापरला पाहिजे. तरी बारा वर्षांच्या चिकाटीचा धडा त्यातून घेता येतो. पुढे याच अनुभवावर उभ्या राहिलेल्या मोठ्या कार्यक्रमाला खाद्यपदार्थ बनवणाऱ्या कंपन्यांचे पैसे मिळाले आणि त्यावर टीका झाली. ती टीका मला रास्त वाटते. साखर विकणाऱ्याच्या पैशानं मुलांना पाणी प्या असं सांगता येत नाही. आमच्या मुलांच्या खेळाच्या स्पर्धांवर, पाण्याच्या नळांवर, सुट्टीच्या शिबिरांवर अशा कंपन्यांची नावं येऊ देऊ नका. निधी कमी पडला तर कार्यक्रम लहान करा.

काळाचा मुद्दा निघालाच आहे तर ॲमस्टरडॅमचं सांगते. त्या शहरानं 2012 च्या सुमारास हा विषय आरोग्य विभागाच्या एका कोपऱ्यातून काढून सगळ्या विभागांसमोर ठेवला. नगररचना, क्रीडा, शिक्षण, गरिबांसाठीच्या योजना, सगळ्यांनी आपल्या कामातून मुलांच्या वजनावर काय परिणाम होतो याचा विचार करायचा होता. शाळांत पाणी आणि साधं दूध हेच पेय ठेवण्याचा आग्रह धरला, झोपेबद्दल पालकांशी बोलणं सुरू केलं. आणि लक्ष्य ठेवलं 2033 चं. निवडून आलेल्या कोणत्याही मंडळाच्या मुदतीपेक्षा हे कितीतरी लांबचं आहे. ज्यांनी सुरुवात केली त्यांना श्रेय मिळेलच असं नाही, हे त्यांना ठाऊक होतं. तुमच्याकडेही मी तेवढाच लांबचा विचार मागते आहे. पक्ष बदलला, अधिकारी बदलले तरी चालू राहील अशी तरतूद करा. ठराव सर्वांच्या सहीनं करा.

हालचालीबद्दल फार लिहीत नाही, कारण ते सर्वांना पटतं. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वयाच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी 60 मिनिटं दम लागेल अशी हालचाल सुचवते. स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंगच्या एका प्राथमिक शाळेत मुख्याध्यापिका इलेन वायली यांनी 2012 मध्ये मुलांना रोज 15 मिनिटं, आहे त्या कपड्यांत, मैदानाला फेऱ्या मारायला सोडलं. ना शर्यत, ना साहित्य, ना क्रमांक. ही कल्पना आज अनेक देशांत पोचली आहे. तिचा वजनावरचा परिणाम लहान आहे, पण मुलांचा दम वाढतो, आणि खेळात शेवटी राहणाऱ्या मुलालाही रोज अंग हलवायची संधी मिळते. पण ही 15 मिनिटं आम्ही शाळेत देऊ शकतो. बाकीची 45 घरापासून शाळेपर्यंतच्या पदपथावर, वस्तीतल्या मैदानावर आणि गाड्या हळू जाणाऱ्या गल्लीत मिळायची आहेत. मुलाला एकट्यानं चालत शाळेत पाठवायला आई धजत नसेल तर त्याचं कारण रस्त्यावर आहे. पदपथ मोकळे करा, शाळेभोवतीचा वेग उतरवा, मैदानासाठी राखलेल्या जागा दुसऱ्या कामाला देऊ नका.

जाहिराती आणि विक्रीबद्दल तुमचे हात बांधलेले आहेत असं सांगितलं जातं. पूर्ण खरं नाही. मोठे निर्णय देशपातळीवरच होतात हे मान्य. चिलीनं 2016 पासून साखर, मीठ, चरबी किंवा कॅलरी जास्त असलेल्या पाकिटांवर काळे अष्टकोनी इशारे लावायला लावले, त्यांवरची कार्टून चित्रं काढायला लावली आणि शाळांत त्यांची विक्री थांबवली. त्यानंतर साखरी पेयांची खरेदी जवळपास चोवीस टक्क्यांनी घटलेली आढळली. ब्रिटननं 2018 पासून 100 मिलिलिटरमागे 5 ग्रॅम आणि 8 ग्रॅम साखरेच्या दोन पायऱ्या ठरवून शीतपेयांच्या उत्पादकांवर आकार बसवला, आणि कर टाळण्यासाठी कंपन्यांनीच पेयांतली साखर कमी केली. पुढे 10-11 वर्षांच्या मुलींमध्ये लठ्ठपणा अपेक्षेपेक्षा सुमारे 8 टक्क्यांनी कमी असल्याचं केंब्रिजच्या संशोधकांना आढळलं, आणि फरक गरीब भागांत अधिक ठळक होता. मुलग्यांमध्ये तसा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. पण लंडनच्या वाहतूक प्रशासनानं फेब्रुवारी 2019 पासून आपल्या बस आणि रेल्वेवरच्या अशा पदार्थांच्या जाहिराती बंद केल्या, तो निर्णय शहराचाच होता. तुमच्या मालकीचे फलक, बसथांबे, क्रीडासंकुलं यांच्यावर काय लागावं हे ठरवायला तुम्हाला कोणाची परवानगी लागते?

आता वजनकाट्याकडे येते. माझ्या पत्रातला हा भाग तुम्ही सर्वांत लक्षपूर्वक वाचावा अशी विनंती आहे.

वर्गासमोर मुलांचं वजन करणं थांबवा. कॅलिफोर्नियातल्या 79 शाळांमध्ये 28 हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर झालेल्या चाचणीत काही पालकांना मुलांच्या बीएमआयचे, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचे, अहवाल घरी पाठवले आणि काहींना नाही. दोन वर्षांनी अहवाल गेलेल्या जादा वजनाच्या मुलांच्या वजनात कसलाही फरक पडला नव्हता. आणि शाळेत वजन केल्या गेलेल्या मुलांचं स्वतःच्या वजनाबद्दलचं समाधान मात्र, न मोजलेल्या मुलांच्या तुलनेत, कमी झालं होतं. म्हणजे फायदा काही नाही आणि मनाला इजा. चिडवलं गेलेलं मूल खेळायला पुढे येत नाही, डबा लपून खातं, कधी जेवण टाळतं आणि नंतर एकदम खूप खातं. वजनावरून होणारी टिंगल पुढच्या वजनवाढीशी आणि खाण्याच्या विकारांशी जोडलेली आहे हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. मी वर्गात अशा मुलांच्या चेहऱ्यांकडे पाहते. कवायतीच्या तासाला पोट दुखतंय म्हणणारं मूल आळशी नसतं.

मोजूच नका असं मी म्हणत नाही. डॉक्टरांच्या खोलीत, दार लावून, आईवडिलांसमोर मुलाच्या वाढीचा आलेख जरूर काढावा. त्यात एखादं मूल अचानक वर किंवा खाली गेलं तर त्याला मदत मिळायला हवी. आणि शहराला आपली दिशा कळावी म्हणून नाव न लावता केलेली मोजणीही हवी. वर दिलेले इंग्लंडचे आकडे अशा नियमित मोजणीमुळेच आपल्या हाती आले. पण त्या आकड्याचं उत्तर द्यायची पाळी मुलाची नाही. शहरातलं प्रमाण वाढलं तर सभागृहात विचारलं जावं की गेल्या वर्षी किती मैदानं गेली, किती नळ बंद होते, सुट्टीत किती मुलांना जागा मिळाली.

पोस्टरांवर मोठ्या पोटाच्या मुलांची चित्रं लावू नका. सर्वाधिक वजन घटवणाऱ्या मुलाला बक्षीस अशा स्पर्धा घेऊ नका. वाढत्या वयात वजन घटवणं हे बहुतेक मुलांचं ध्येयही नसतं. उंची वाढू देत वजनाचा वेग आवरणं पुरेसं असतं, आणि ते ठरवायचं काम डॉक्टरांचं. कार्यक्रम सगळ्या मुलांसाठी करा, म्हणजे कोणावर शिक्का बसणार नाही. पाणी बारीक मुलालाही हवं असतं, मैदान आणि झोपही. 6 ते 12 वर्षांच्या मुलाला 9 ते 12 तास झोप लागते, आणि कमी झोपणाऱ्या मुलांमध्ये लठ्ठपणाची शक्यता जास्त आढळते. रात्री उशिरापर्यंत वस्तीत ध्वनिक्षेपक वाजत असतील तर तोही याच विषयाचा भाग आहे. लठ्ठपणाच्या बैठकीत ध्वनिक्षेपकाबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून इथं लिहून ठेवते.

पालकांबद्दल दोन शब्द. ज्या घरात दोन पाळ्यांत काम चालतं, जिथं ताजी भाजी महाग आणि लांब आहे आणि पाकीटबंद खाऊ स्वस्त आणि दारात आहे, त्या घराला उपदेशाची नाही, हाताशी असलेल्या सोयीची गरज असते. श्रीमंत देशांत लठ्ठपणा आज गरीब वस्त्यांत अधिक आहे. इतर देशांतही तो सुखवस्तू घरांतून हळूहळू गरिबांकडे सरकतो आहे, आणि एकाच घरात एक मूल कुपोषित आणि दुसरं लठ्ठ असंही दिसतं. दोन्हीचं मूळ पुष्कळदा एकच असतं, पोषणाशिवायचं स्वस्त अन्न. म्हणून खर्च सगळीकडे सारखा वाटू नका. जिथं मैदान नाही, तिथं आधी. आणि पालकांना समितीत शोभेपुरते बसवू नका. कोलॅकमध्ये काय करायचं ते गावानं स्वतः ठरवलं होतं. कोणती गल्ली मुलांना धोक्याची वाटते, कोणत्या नळाचं पाणी मुलं पीत नाहीत, हे आयांना विचारा, त्या अचूक सांगतील.

एवढं सगळं एका वर्षात होणार नाही, हे मला कळतं. म्हणून पुढचं शालेय वर्ष सुरू होण्याआधी एकच काम करून दाखवा अशी मागणी करते. प्रत्येक शाळेत पिण्याच्या पाण्याचे चालू नळ किती, प्रत्येक वस्तीत मुलांसाठी उघडं मैदान कुठं आणि ते कोणत्या वेळेत उघडं, आणि सुट्टीत मुलांना विनाशुल्क जायला जागा किती, याची वस्तीवार यादी तयार करून जाहीर करा. त्या यादीखाली जबाबदार अधिकाऱ्याचं नाव आणि कोरड्या नळांसाठी केलेली तरतूद लिहा. यादी खरी आहे का ते पडताळायला आम्ही शिक्षक आणि पालक शाळाशाळांतून फिरू, आणि जे आढळेल ते तुमच्याकडे लेखी देऊ. या पत्राचं उत्तरही लेखी मिळावं, ही विनंती.

आपली,
एक शिक्षिका